बिनठिपक्यांचे गुलाब

जावयाने एका पायातला बूट काढला आणि दुसऱ्याच्या नाडीला हात घातला, तेवढ्यात त्याच्या नाकासमोर एक पान आलं.

"बघा," घड्याळजी म्हणाले. "आणि मग सांगा मला, तुमचं यंत्र हवा स्वच्छ करतं म्हणून."

पान गुलाबाचं होतं. त्यावर काळे ठिपके होते, कडा विस्कटलेल्या, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पिवळट वलय. घड्याळजींच्या उजव्या डोळ्यात घड्याळदुरुस्तीचं भिंग बसवलेलं होतं. ते तसंच डोळ्यात ठेवून ते गच्चीवरून जिना उतरून खालच्या दारापर्यंत आले होते. डावा डोळा मिटलेला. त्यामुळे एवढ्या गंभीर प्रसंगीही ते जावयाला डोळा मारताहेत असं वाटत होतं.

"बाबा, बूट तरी काढू द्या."

"काढा की. पान कुठं म्हणतंय, नका काढू?"

घरजावयाने दारात उभं राहून वाद घालायचा नसतो, हे जावयाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. आत येऊन घालायचा नसतो, हेही. त्याने पान हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि बूट काढला.

वीजकेंद्राची चिमणी त्यांच्या गच्चीवरून पूर्ण दिसायची. जावई तिथे स्क्रबरवर ऑपरेटर होता. स्क्रबर गेल्या वर्षी बसला, तेव्हा त्याने घरात सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं होतं: कोळसा जळला की त्यातला गंधक धुरात उतरतो. तो धूर चिमणीत सोडण्याआधी एका उंच टाकीतून न्यायचा आणि वरून चुनखडीच्या पाण्याचे फवारे मारायचे. गंधक पाण्यात अडकतो, त्याच्याबरोबर कोळशातला पारा आणि असलंच काहीबाही थोडंफार अडकतं, खाली पांढरं जिप्सम साचतं आणि वर धुतलेला धूर निघून जातो. थोडक्यात, धुराला आंघोळ घालायची.

"आणि पुसतं कोण?" सासूबाईंनी विचारलं होतं.

पुसत कुणीच नव्हतं, हीच अडचण होती. पूर्वी चिमणीतून निघणारा धूर पातळ, मळकट, बघायला गेलं तर दिसेल न दिसेल असा होता. आता ओला धूर बाहेर पडला की त्याची पांढरीशुभ्र जाडजूड वाफ व्हायची आणि अर्ध्या आभाळभर पसरायची. ज्या गावाने वर्षानुवर्षं विषारी धुराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते आता वाफेकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, यंत्र बसवलं आणि धूर दुप्पट झाला.

यंत्र सुरू झालं तेव्हा कामगारांना आठवण म्हणून पहिल्या जिप्समची ओतीव चिमणी मिळाली होती. वीतभर उंच, पांढरी, बुडाशी जड. जावयाने ती मोठ्या हौसेने घरी आणली. सासूबाईंनी ती हातात घेऊन वजन अजमावलं आणि तिला योग्य जागा दिली: दिवाणखान्यातून गच्चीवर जायचं दार वाऱ्याने सारखं आपटायचं, त्याला अडवायला. जावयाच्या कष्टांचं स्मृतिचिन्ह तेव्हापासून दाराला लावलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते काम चोख करत होतं.

त्याच दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. त्यात घड्याळजींचे सात चषक होते. गावाच्या पुष्पप्रदर्शनात सलग सात वर्षं गुलाबाचं पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणालाच मिळालेलं नव्हतं. निर्णय देणारे लोक त्यांच्या गुलाबाची पानं उलटीसुलटी करून थकायचे. इतकं स्वच्छ पान, एक ठिपका नाही! काय करता तरी काय तुम्ही? घड्याळजी नुसतं हसायचे. "लक्ष देतो," म्हणायचे.

गुलाब ही त्यांची दुसरी विद्या. पहिली घड्याळांची. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान होतं, ते खोकल्यापायी बंद झालं. त्या गल्लीत खोकला हा काही आजार धरत नसत. कोण कसं चालतं, तसं कोण कसं खोकतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, एवढंच. पण ज्याला चिमट्यात केसासारखी स्प्रिंग धरून बसायचं असतं, त्याला तो परवडत नाही. गिऱ्हाइकाच्या देखत एक स्प्रिंग अशी उडाली की घरातली सगळी माणसं गुडघ्यांवर येऊन दुकान धुंडाळत राहिली. गिऱ्हाईकही. ती सापडली नाही. घड्याळजींनी हत्यारं फडक्यात गुंडाळून वरच्या खणात ठेवली आणि शटर ओढलं. त्या खणात जावयाचं लग्नातलं घड्याळही होतं. घड्याळजींनीच दिलेलं, ते बंद पडलं होतं. सासरा घड्याळजी असताना ते दुसऱ्या कुणाकडे टाकायचीही सोय नव्हती, त्यामुळे जावई घरात आल्यागेल्याला वेळ विचारून दिवस काढत होता.

गुलाबाला बरं होतं. खोकला आला की मान वळवायची, खोकायचं, परत वळायचं. पाकळी काही उडून जात नाही.

आणि आता प्रदर्शन तोंडावर आलं असताना त्याच गुलाबांना ठिपके.

---

दुसऱ्या दिवशी जावयाने ते पान डब्याच्या झाकणात ठेवून कामावर नेलं. लॅबच्या बाई स्क्रबरचं पाणी तपासायच्या: गंधक किती, पारा किती. त्यांच्यापुढे त्याने झाकण ठेवलं.

"हे काय?"

"सासऱ्यांनी दिलंय."

"जेवायला?"

"तपासायला. ते म्हणतात आपल्या यंत्रामुळे झालंय. बाई, एकदा लिहून द्या की आपला काही संबंध नाही. नाहीतर निदान तोंडी तरी सांगा, मी घरी जाऊन सांगतो."

बाईंनी पान सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. बघितलं. मग मान वर केली, परत खाली घातली, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"तुमचे सासरे बरोबर बोलतायत."

"म्हणजे?"

"यंत्रामुळेच आलेत. ही बुरशी आहे, गुलाबाची नेहमीची. पण हवेत गंधकाचा धूर असला की ती तग धरत नाही. माझ्या आईच्या गावी हेच झालं होतं. भट्टी बंद पडली आणि लगेच सगळ्यांच्या गुलाबांना ठिपके." त्यांनी डोळे पुसले. "अहो, इतकी वर्षं आपली चिमणी तुमच्या सासऱ्यांच्या कुंड्यांवर फवारणी करत होती. घरपोच, फुकट. आता आपण ती बंद केली."

जावई खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर ट्रकमध्ये पांढरं जिप्सम भरलं जात होतं. त्याच्या डोळ्यांसमोर काचेचं कपाट आलं. वादात जिंकायला आता त्याच्याजवळ एक वाक्य होतं, अगदी शास्त्रशुद्ध; आणि ते वाक्य तोंडातून निघालं की कपाटातले सातही चषक चिमणीच्या नावावर जमा होणार होते.

"यावर उपाय?" त्याने विचारलं.

"गंधकाची भुकटी. बियाण्यांच्या दुकानात मिळते."

"म्हणजे आपण इथे टनावारी काढतो तेच..."

"चिमूटभर विकत घ्यायचं," बाई म्हणाल्या आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.

---

"बुरशी आहे," संध्याकाळी जावयाने टेबलावर पुडी ठेवत सांगितलं. "लॅबमध्ये बघून घेतलं. ही पावडर मारली की आटोक्यात येईल."

"पावडर?" घड्याळजी मागे सरकले. "पावडर दातांचे डॉक्टर मारतात."

दातांचे डॉक्टर टेकडीपलीकडे राहायचे आणि प्रदर्शनात दरवर्षी दुसरे यायचे. ते गुलाबांना पावडर मारतात हे घड्याळजी अशा सुरात सांगायचे, जणू डॉक्टर गुलाबांचे गाल रंगवून त्यांना नाटकात उभं करत होते.

"माझ्या गुलाबाला आजवर पावडर लागली नाही. बुरशी म्हणता, ठीक आहे. मग इतकी वर्षं नव्हती, ती आत्ताच कुठून उपटली?"

जावयाने तोंड उघडलं. सासऱ्यांच्या बरोबर मागे काचेचं कपाट होतं. सासूबाईंनी ते सकाळीच पुसलेलं असावं. सातही चषक नको इतके चकाकत होते. त्याने तोंड मिटलं.

"हवामान," तो म्हणाला.

"हवामान! अहो, हवामान म्हणजेच ते तुमचं यंत्र!"

हे इतकं खरं होतं की जावई पुडीवरची अक्षरं वाचत बसला.

घड्याळजी जवळ सरकले. आवाज खाली आणला. "एक काम करा. प्रदर्शन होईपर्यंत बंद ठेवा ते."

"बाबा, ते काय घरातला पंखा आहे?"

"बटण नाही का त्याला?"

"आहे, पण..."

"मग? दाबणारे तुम्हीच ना?" त्यांनी भिंग हातात फिरवलं. "मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं?"

नव्हतं मागितलं. घर, घड्याळ आणि मुलगी, तिन्ही त्यांच्याकडूनच आलं होतं, आणि तिन्हींबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. निदान घराबद्दल तरी. जावयाने पुडीचा कोपरा दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला.

"नाही जमायचं, बाबा."

घड्याळजींनी भिंग डोळ्यात बसवलं आणि ते गच्चीवर निघून गेले. त्या रात्रीपासून त्यांनी जावयाशी थेट बोलणं सोडलं. जेवताना दोघं समोरासमोर बसायचे आणि मधला व्यवहार लेकीमार्फत चालायचा.

"त्यांना विचार, मीठ हवंय का."

"बाबा, त्यांना ऐकू येतं."

"मला नाही माहीत. यंत्राच्या आवाजात राहून माणसाच्या कानाचं काय होत असेल."

"त्यांना सांग," जावई म्हणायचा, "मीठ हवंय."

लेकीने दोघांच्या मधोमध मिठाचं भांडं आपटलं आणि आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली.

---

अबोला चालू असतानाच स्क्रबर साफसफाईला निघाला. फवाऱ्यांची तोंडं चुनखडीने चोंदली होती. काम कितीतरी आधी ठरलेलं, परवानगी आलेली. तेवढे दिवस धूर टाकीला वळसा घालून सरळ चिमणीत जाणार होता. घरी सांगायला हवं, असं जावयाला वाटलं होतं. पण मिठापलीकडचा विषय लेकीमार्फत कसा काढायचा, हे काही त्याला उमगलं नाही.

तो पाळी संपवून घरी आला, तर घड्याळजी जिन्यात उभे. हातात पान नाही, डोळ्यात भिंग नाही. त्यांनी जावयाच्या हातातली पिशवी घेतली.

"या, जावईबापू. बसा."

बसा म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीत. तिच्यावर घड्याळजींशिवाय कुणी बसल्याचं घरात कुणाच्या आठवणीत नव्हतं. जावई कडेवर टेकला.

"नीट बसा. पाठ टेका. अगं, चहा आण त्यांना. आधी त्यांना."

"बाबा, काय झालं?"

घड्याळजींनी उत्तरादाखल गच्चीच्या दाराकडे हात केला. दाराबाहेर, कुंड्यांच्या पलीकडे, चिमणी उभी होती. वर निळं आभाळ. वाफेचा मागमूस नाही.

"काही बोलू नका," ते म्हणाले. "मला कळलं."

"बाबा, ते खरं म्हणजे..."

"बोलू नका म्हटलं ना! खाली माणसं असतात. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे." त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिथे आधी कधी आलेला नव्हता, त्यामुळे तो कसा ठेवायचा हे त्याला नीटसं ठाऊक नव्हतं. दोनदा थापटून तो घाईघाईने परत गेला.

जावई उठून स्वयंपाकघरात आला. "अगं, साफसफाई आहे ती," तो कुजबुजला. "मी काहीच केलेलं नाही. त्यांना सांग तू."

लेकीने तोंडावर हात दाबून धरला. हसू ओसरायला वेळ लागला.

"एवढ्या वर्षांत बाबांनी तुम्हाला ती खुर्ची दिली," ती म्हणाली. "दोन दिवस बसून घ्या."

तो बसला. खुर्ची चांगली होती. पाठीला कुठेतरी एक खिळा लागत होता, पण तो मानाचा खिळा होता.

दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या कपड्यांना विझलेल्या आगकाडीसारखा वास यायला लागला. गल्ली पुन्हा घसे साफ करू लागली. आधी कोपऱ्यावरचा सायकलवाला, मग समोरचे पेन्शनवाले आजोबा, मग शेजारच्या शिवणवाल्या काकू. प्रत्येकाचा खोकला आपापल्या जुन्या जागी येऊन बसला. शिवणवाल्या काकूंची नात मात्र यंत्र सुरू झाल्यानंतर जन्मलेली. तिला खोकला ही गोष्ट नवी होती, आणि ती तिला बिलकुल पसंत पडलेली नव्हती. ती खोकायची आणि मग रागाने रडायची.

घड्याळजी गच्चीवर एका कळीवर वाकले होते. उजव्या डोळ्यात भिंग, बोटांच्या टोकांवर पान. तेवढ्यात खोकला आला. खालून चढत चढत, पायरी पायरीने, नेहमीसारखा. त्यांनी मान वळवली, पण तो थांबेना. भिंग डोळ्यातून उडून कुंडीत पडलं. त्यांनी कठडा धरला. ते खोकत राहिले, आणि पलीकडच्या गच्चीवर ती पोरगी खोकत राहिली. थोडा वेळ दोघांची जुगलबंदीच चालली.

स्वयंपाकघरात सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. कान देऊन ऐकलं.

"अगं बाई, हा कुठून आला परत?" त्या म्हणाल्या. "तरीच. वर्षभर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, घरात काहीतरी कमी आहे, पण काय ते सापडेना."

लेक आणि जावई एकमेकांकडे बघायला लागले. लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

गच्चीवर घड्याळजींनी मातीतून भिंग उकरून काढलं. सदऱ्याला पुसलं. पण डोळ्याला लावलं नाही. हातात धरून ते उघड्या डोळ्यांनी चिमणीकडे बघत राहिले. मग पलीकडे, त्या रडणाऱ्या पोरीकडे. मग त्यांनी ते खिशात टाकलं.

जेवताना त्यांनी मिठाचं भांडं स्वतः जावयासमोर सरकवलं.

"ते तुमचं," ते म्हणाले, "सुरू करून टाका."

"आणि प्रदर्शन?"

"प्रदर्शनाचं मी बघतो." ते खोकले, पाणी प्यायले. "उद्याच करा. कुणाला संशय यायच्या आत."

साफसफाई संपायला अजून अवकाश होता. जावयाने लेकीकडे बघितलं. ती ताटातच बघत होती.

"करतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो टाकीच्या पायथ्याशी फिटरच्या डोक्यावर जाऊन उभा राहिला.

"किती तोंडं राहिली?"

"होतील. घाई काय आहे?"

"माझे सासरे गच्चीत उभे आहेत."

फिटरने पाना खाली ठेवला. "परवानगी वरून येते असं मी ऐकून होतो," तो म्हणाला. "सासऱ्यांकडून येते हे माहीत नव्हतं."

तरी तो लवकर लवकर हात चालवायला लागला. जावईही पाळी संपल्यावर थांबला, बाह्या सरसावून चोंदलेली तोंडं एकेक करून घासत बसला. जवळच्या माणसाला सारखी वेळ विचारत होता. शेवटचं तोंड बसलं, पंप सुरू झाले आणि चिमणीच्या टोकाशी आधी एक पांढरी लट, मग चांगली भरघोस वाफ उठली. गच्चीत उभा असलेला एक माणूस तेव्हा हळूच खाली बसला, हे जावयाला दिसण्यासारखं नव्हतं. लेकीने नंतर सांगितलं.

---

प्रदर्शनाला घड्याळजींनी ठिपकेवाली पानं खुडून गुलाब नेले. फुलं देखणी होती, पण बुंधा उघडाबोडका; नुकतेच केस कापून आलेल्या पोरांसारखी रोपं ओशाळून उभी होती. पहिलं बक्षीस दातांच्या डॉक्टरांना मिळालं. ते इतके गोंधळले की चषक घेऊन आपल्या दुसऱ्या नंबरच्या नेहमीच्या जागेवर जाऊन उभे राहिले.

बक्षीस द्यायला वीजकेंद्राचे मोठे साहेब आले होते. भाषणात ते म्हणाले, की वाफेला धूर समजू नका, आणि मधले काही दिवस जो त्रास झाला तो यंत्राच्या ठरलेल्या साफसफाईमुळे. ती दरवर्षी याच सुमाराला होणार आहे.

घड्याळजींनी मान वळवून जावयाकडे बघितलं. जावयाने छताकडे.

भाषणं संपल्यावर घड्याळजी डॉक्टरांच्या गुलाबांपाशी गेले. भिंग लावलं. पानाच्या देठाशी, फांदीच्या बेचक्यात पिवळी भुकटी होती.

"ही कसली?"

"गंधकाची," डॉक्टर म्हणाले. "आमच्या टेकडीमागे ठिपके पहिल्यापासून. तुमचा धूर काही तिकडे येत नाही, हवा एकदम छान, पण गुलाब म्हणाल तर नुसता वैताग. पावडर मारून मारून हात गेले माझे. मला सात वर्षं एकच कोडं आहे, तुमच्याकडे ठिपके कसे नाहीत?"

घड्याळजी वाकलेलेच राहिले. सुट्या केलेल्या घड्याळाची चाकं समोर मांडलेली असावीत आणि कुठलं कशात बसतं ते बघत असावेत, तसे. मग सरळ झाले. दालनाच्या खिडकीतून चिमणी दिसत होती, वाफेसकट.

"छान आहेत तुमचे गुलाब," ते डॉक्टरांना म्हणाले. "मेहनतीचे आहेत."

घरी येताना कुंड्यांची हातगाडी जावई ओढत होता. घड्याळजी मागून हात लावून होते.

"त्या तुमच्या यंत्रात," ते म्हणाले, "नेमकं काय काढतात म्हणालात?"

"गंधक."

"हं."

गाडी एका खड्ड्यातून गेली. कुंड्या खडखडल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं."

जावई थांबला आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती सुटलेली नव्हती. आधी त्याला ती सोडावी लागली.

"बोलला नाहीत," घड्याळजी म्हणाले.

"विषय निघाला नाही."

"आणि ते बंद ठेवलं होतं, ते माझ्यासाठी नव्हतं."

जावयाने नाडीची गाठ मारली. "नव्हतं, बाबा. मी सांगणार होतो. पण तुम्ही खुर्ची दिलीत."

घड्याळजींनी उगीचच एक कुंडी नीट केली. "बरं झालं," ते म्हणाले. "ती काकूंची पोर. मला वाटत होतं माझ्यापायी." गाडीला मागून जोर जरा जास्त लागायला लागला.

---

काही दिवसांनी लेकीने गच्चीत डोकावून बघितलं, तर बाबा तोंडाला रुमाल बांधून, घड्याळं साफ करायच्या बारीक ब्रशाने एकेका पानाला ती पुडीतली भुकटी लावत होते.

"कमाल आहे," ती आत येऊन नवऱ्याला म्हणाली. "एक दिवसभर काढतो, दुसरा दिवसभर घालतो. या घराचं व्हायचं कसं?"

त्याच दिवशी दुपारी घड्याळजींनी वरचा खण उघडला. फडकं टेबलावर पसरलं, हत्यारं ओळीने मांडली आणि जावयाचं घड्याळ उघडलं. भिंग डोळ्यात. चिमट्याच्या टोकाशी केसाएवढी स्प्रिंग. जावई समोर श्वास रोखून बसला होता, सवयीने. लेकही दारात थांबली, तीही सवयीने. खोकला काही आला नाही.

स्प्रिंग जागेवर सरकत होती तेवढ्यात वारा आला आणि गच्चीचं दार धाडकन आपटलं. कपाटाच्या काचा थरथरल्या. जावई खुर्चीतून उडाला. घड्याळजींचा हात हलला नाही.

"अगं, दाराला लावायचं ते कुठं गेलं?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "इथंच तर होतं! कुणी उचललं?"

त्या बाहेर आल्या, दारामागे बघितलं, कुंड्यांमागे बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं. शेवटी कमरेवर हात ठेवून दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, काचेच्या कपाटाकडे आणि त्यात चषकांशेजारी उभ्या असलेल्या जिप्समच्या चिमणीकडे पाठ करून.

"काहीतरी दुसरं लाव दाराला," घड्याळजी भिंगातूनच म्हणाले. "ते आता मिळायचं नाही."